गोळी रात्री आठची

मुका जीव वाचवला की चार माणसं कौतुक करतात, फोटो काढतात. हे कौतुक फार तर आठवडाभर टिकतं. पुढे त्या जिवाला सकाळ-संध्याकाळ औषध कोण देतं, हे विचारायला कुणी येत नाही. मैत्रिणींनो, मला बोलायचंय ते त्या पुढच्या महिन्यांबद्दल.

माझी भाची अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात राहते. तिथल्या बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून तिने एक कुत्री घरी आणली. रंगावरून नाव पडलं चिकू. नुसता हाडांचा सापळा, कोरडा खोकला, अंगात ताप. एक्स-रे आणि रक्ततपासणी झाली आणि निदान निघालं ‘व्हॅली फीवर’, म्हणजे फुप्फुसाला झालेला बुरशीचा आजार. ही बुरशी तिकडच्या वाळवंटी मातीत असते. पाऊस पडला की वाढते, माती सुकली की तिचे बारीक कण धुळीबरोबर उडतात आणि श्वासातून आत जातात. कुत्र्याचं तर नाकच सदा जमिनीला! म्हणून त्यांना हा आजार पुष्कळ होतो. माणसांनाही होतो.

भाचीच्या सासूबाई तेव्हा इथून तिकडे गेलेल्या. निदान ऐकून त्या घाबरल्याच. घरात तीन वर्षांचा नातू. ‘‘आधी हिला परत देऊन या,’’ म्हणाल्या. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. खोकणाऱ्याला लांब ठेवायचं, हेच आपण शिकत आलो. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कुत्र्याच्या खोकल्यातून हा आजार माणसाला होत नाही, होतो तो धुळीतून. म्हणजे चिकूला घालवून नातवाचा धोका काही कमी होणार नव्हता. त्यापेक्षा वावटळीच्या दिवशी दारं-खिडक्या लावून त्याला घरात ठेवणं उपयोगाचं. एवढं विचारून घेतलं नसतं, तर आजारी चिकू पुन्हा पिंजऱ्यात गेली असती.

औषध आपल्याकडेही मिळणारं, फ्लुकोनॅझोल. पण ते दिवसातून दोनदा, सहा महिने ते वर्षभर. आजार हाडांत किंवा मेंदूत पसरला तर कधी कधी जन्मभर. शिवाय यकृतावर परिणाम होतोय का, हे बघायला मधूनमधून रक्त तपासायचं.

मी इथे क्षयरोग्यांच्या घरी जाते, तिथे हेच बघते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, गालावर मांस येतं आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या कोनाड्यात पडतात. कोर्स असतो किमान सहा महिन्यांचा. चिकूही दुसऱ्या महिन्यात अंगणात धावायला लागली. भाची फोनवर म्हणाली, ‘‘मावशी, बंद करून बघू का?’’ मी म्हटलं, डॉक्टर सांगेपर्यंत अजिबात नाही. खरा धीर लागतो तो इथेच. रोगी बरा दिसतो, घरचे कंटाळलेले असतात, आणि शाबासकी द्यायला कुणी नसतं.

आणि कंटाळा येतो तो बहुधा बाईलाच. नोकरी तिची, मूल तिचं, आता कुत्रीही तिची! जावईबापू महिनाभर ‘तुझी चिकू’च म्हणत होते. गंमत म्हणजे मदतीला आधी आल्या त्या सासूबाई. तूप लावलेल्या पोळीच्या गोळ्यात औषध लपवायचं त्यांनीच शोधलं. एकदा लाडाने शिराही देणार होत्या, पण त्यात मनुके होते. द्राक्षं-मनुके कुत्र्याला विषारी असतात, म्हणून भाचीने तो हातातूनच काढून घेतला.

प्राणी दत्तक देताना घराला कुंपण आहे का, वगैरे विचारतात. माझं म्हणणं, आजारी प्राणी देताना घरातल्या सगळ्यांना समोर बसवून, रात्रीची गोळी कोण देणार, हेही विचारावं. उत्तर एकाच बाईकडे बोट दाखवणारं असेल तर थोडं थांबावं. आपल्या गल्लीतलं पिल्लू उचलून आणतानाही हेच.

चिकूचा आता आठवा महिना आहे. एक्स-रे सुधारलाय, वजन भरलंय. गोळ्या चालूच आहेत. रात्रीची आठची जावईबापू देतात, अधूनमधून विसरतातही.