मतयंत्रावर पक्ष छापा, मग आमच्या दारात या

ग्रामपंचायतींचा निकाल लागला की महाराष्ट्रात दरवेळी एक चमत्कार घडतो. सकाळी कपबशी, छत्री, कपाट, शिट्टी अशी चिन्हं जिंकतात आणि संध्याकाळी टीव्हीवर सगळे पक्ष जिंकलेले असतात. जानेवारी २०२१ मध्ये १४ हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, डिसेंबर २०२२ मध्ये साडेसात हजारांवर. दोन्ही वेळा सत्ताधारी म्हणाले आम्ही पुढे, विरोधक म्हणाले आम्ही पुढे. यातलं खरं काय, हे तपासायची सोयच नाही. मतयंत्रावर पक्षाचं नाव नसतं, म्हणून राज्य निवडणूक आयोगाकडे पक्षवार आकडाही नसतो.

आपल्या राज्यात जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होतात. ग्रामपंचायत तेवढी कागदोपत्री पक्षविरहित. गावात पक्ष शिरला की घरं फुटतील, शेजारी शेजाऱ्याशी बोलणार नाही, म्हणून गाव पक्षाबाहेर ठेवावं, हा त्यामागचा विचार. विनोबा आणि जयप्रकाश नारायण यांच्यासारखी माणसं तो मनापासून मांडत. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण आज त्या विचाराच्या आडून जे चाललं आहे, त्याबद्दल बोलायला हवं.

आज पक्षविरहित निवडणूक म्हणजे काय? दोन पॅनल. एकाच्या नावात 'ग्रामविकास', दुसऱ्याच्या नावात 'परिवर्तन'. सोसायटी, दूध संघ, बाजार समिती ज्याच्या हातात, त्याचं एक पॅनल. त्याच्या विरोधकाचं दुसरं. उमेदवारांची यादी गावात ठरते, पण होकार तालुक्याच्या बंगल्यावरून येतो. गाडी, जेवणावळी, बॅनर यांचा पैसा कुठून येतो हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. घरं तर केव्हाच फुटलेली आहेत. पक्ष गावात आहेच. फक्त मतदाराने बटण दाबताना तो दिसू नये, एवढीच आपल्या कायद्याची सोय आहे.

माझ्या गावातही हेच झालं. मी मत दिलं ते पाणी आणि गटार याबद्दल बोलणाऱ्या एका पॅनलला. दुसऱ्या दिवशी निवडून आलेले सगळे एका पक्षाचे उपरणे गळ्यात घालून फोटोत उभे होते. त्या पक्षाला मी विधानसभेला मत दिलं नव्हतं आणि पुढेही देणार नाही. पण माझं मत त्याच्या खात्यात जमा झालं, मला न विचारता. आपले वडीलधारे मताला गवाही म्हणतात. गवाही कोणाच्या बाजूने द्यायची आहे, हे साक्षीदारालाच सांगायचं नाही, हा कुठला न्याय?

यावर आपल्याच मोहल्ल्यातून येणारा आक्षेप मी हलका मानत नाही. तो असा : 'गावात आपली वीस-पंचवीस घरं. आपला माणूस निवडून येतो तो मोटार दुरुस्त करणारा, अडीअडचणीला धावणारा म्हणून. त्याच्या नावापुढे पक्ष लागला की लोक आधी पक्ष बघतील, मग धर्म. आहे तेही जाईल.' भीती खरी आहे. पण ज्यांना गावात विष कालवायचं आहे, ते मतयंत्रावर काय छापलंय याची वाट बघत बसलेले नाहीत. ते प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पोहोचले आहेत. पक्षाचं नाव लपवल्याने आपण वाचत नाही. उलट, ज्याने आपल्याविरुद्ध मेसेज फिरवले त्याचंच पॅनल 'गावाचं' म्हणून आपल्या दारात येतं, आणि आपण चहा पाजतो.

शिवाय या अंधाराचा फायदा आपल्यातल्या एका माणसाला होतो. प्रत्येक मोहल्ल्यात तो असतो. कोणतं पॅनल कोणाचं हे त्यालाच माहीत असतं, बोलणी तोच करतो आणि जुम्म्यानंतर सांगतो, 'अमुक चिन्ह, बाकी विचारू नका.' कब्रस्तानच्या भिंतीचं आश्वासन दर पाच वर्षांनी तेच. माहिती एकाच्याच खिशात राहते, तोवर मोहल्ल्याची मतं तोच विकत राहणार. नाव छापलं की अठरा वर्षांच्या मुलीलाही ते वाचता येईल. मग तिला ठेकेदाराची गरज काय?

पक्षाचं नाव आलं की सगळं सुधारेल, असं मी म्हणत नाही. पश्चिम बंगालमध्ये पंचायत निवडणुका पक्षाच्या चिन्हावरच होतात, आणि २०१८ मध्ये तिथे जवळपास एक तृतीयांश जागांवर मतदानच झालं नाही, कारण समोर उमेदवारच नव्हता. केरळमध्येही गावपातळीवर पक्ष उघडपणे लढतात, आणि तिथल्या पंचायती देशात नावाजल्या जातात. म्हणजे चांगलं-वाईट चिन्हावर ठरत नाही. पण पक्ष नसला की निवडणूक पवित्र होते, हेही खोटं. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथली निवडणूक जानेवारी २०२१ मध्ये आयोगाने रद्द केली, कारण तिथे पदांचा लिलाव झाल्याचं उघड झालं. तिथे कुठे पक्षाचं चिन्ह होतं?

माझी मागणी छोटी आहे. मुक्त चिन्हं राहू द्या. अपक्षाचा हक्क राहू द्या. फक्त अर्ज भरताना उमेदवाराने लिहून द्यावं : मी अमुक पक्षाचा सदस्य किंवा पदाधिकारी आहे, माझ्या पॅनलला अमुक पक्षाचा पाठिंबा आहे. तेच मतयंत्रावर त्याच्या नावाखाली एका ओळीत छापावं. पक्ष नसेल तर 'कोणताही पक्ष नाही' असं छापावं. खोटं लिहिलं तर पद जावं. आयोगाने निकालाबरोबर पक्षवार आकडाही द्यावा. पंचायत राज निवडणुकांत पक्षांनी उघडपणे उतरावं, असं अशोक मेहता समितीने १९७८ मध्येच सुचवलं होतं. मी तर त्याहून कमी मागतो आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर पॅनल दारात आलं की सगळ्यांसमोर विचारा : तुमचा पक्ष कोणता? निकालानंतर कोणाचं उपरणं घालणार? उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि वॉर्डाच्या ग्रुपवर टाका. जो उत्तर द्यायला लाजतो, त्याला मत द्यायला आपणही लाजावं. आपण गावात थोडे आहोत हे खरं, पण ग्रामपंचायतीचा प्रभाग दहा-वीस मतांवर फिरतो. ती मतं डोळे बांधून द्यायची की उघड्या डोळ्यांनी, एवढं तरी आपल्या हातात आहे.