षटकार आधी की डबा आधी?

१९९२ सालची गोष्ट. मी तेव्हा आठवीत होतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये विश्वचषक क्रिकेट स्पर्धा चालू होती. भल्या पहाटे आमच्या वाड्यातील सारी मुले शेजारच्या काकांच्या घरी दूरदर्शनसमोर जमत. दोन षटकांच्या मध्ये जाहिरात लागे. आमचा लाडका फलंदाज हातात दुधाचा पेला घेऊन येई, तो एका दमात रिकामा करी आणि आपल्या शक्तीचे सारे श्रेय एका पुडीच्या डब्याला देऊन टाकी. मी आईकडे हट्ट धरला. वडील एस.टी.मध्ये कंडक्टर होते. महिनाअखेरची ओढाताण मला दिसत नव्हती असे नाही. पण मी दोन दिवस नीट जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी डबा घरात आला.

तो कसा आला, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आईने दुधाचा रतीब एक लिटरवरून अर्ध्या लिटरवर आणला होता. माझ्या पेल्यात पूड आली, पण दुधात पाणी वाढले आणि धाकट्या बहिणीचा संध्याकाळचा पेला बंद झाला. गंमत अशी की, ही पूड दुधात घालून घ्यावी असे त्या डब्यावरच लिहिलेले होते! म्हणजे ज्याच्या जोरावर पुडीने शक्तीचा दावा करायचा, ते दूधच आम्ही कमी केले होते.

आज मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. वर्गात पहिल्या काही तासांत मी एक साधे तत्त्व सांगतो : कारण आधी घडते, परिणाम नंतर. चेंडू लागतो आणि मग काच फुटते. काच आधी फुटली आणि मग चेंडू लागला, असे कोणी सांगितले तर आपण त्याला हसू. आता हेच तत्त्व जाहिरातीला लावून पाहा. तो फलंदाज लहानपणापासून रोज तासन्‌तास सराव करीत होता. सरावामुळे धावा झाल्या, धावांमुळे तो प्रसिद्ध झाला आणि प्रसिद्ध झाल्यावर कंपनी त्याच्या दारी आली. षटकार आधी, डबा नंतर! जाहिरातीत मात्र हा क्रम सफाईने उलटा केलेला असतो. पेला आधी दिसतो, षटकार नंतर दिसतो. आणि एकामुळे दुसरे झाले, अशी समजूत आपण आपणहून करून घेतो.

तुम्ही म्हणाल, 'सर, तो लहानपणीही ती पूड घेत नसेल कशावरून?' शंका रास्त आहे. घेत असेल, असे धरून चालू. पण तो भाकरीही खात होता, त्याला चांगला शिक्षक लाभला होता, घरचे पाठीशी होते. यांपैकी कशामुळे तो मोठा खेळाडू झाला, हे ठरवायचे कसे? प्रयोगशाळेत आपण एकच गोष्ट बदलतो आणि बाकीच्या तशाच ठेवतो. लंबकाची लांबी आणि गोळा एकाच वेळी बदलले, तर दोलनकाल कशामुळे बदलला हे सांगता येत नाही. त्या वर्षी माझी उंची वाढली, हे खरे. पण ज्या वर्गमित्राच्या घरी तसा डबा कधीच आला नाही, त्याची माझ्यापेक्षा जास्त वाढली. एका मित्रावरून काही सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण मग एका फलंदाजावरून तरी काय सिद्ध होते?

आता एक खराखुरा प्रयोग सांगतो. गॅरी लिनेकर हा इंग्लंडचा नामवंत फुटबॉलपटू. १९८६ च्या विश्वचषकात सर्वाधिक, म्हणजे ६ गोल त्याने केले होते. पुढे तो दूरदर्शनवर फुटबॉलचा लोकप्रिय निवेदक झाला आणि एका कंपनीच्या बटाटा-वेफर्सच्या जाहिरातींतही झळकू लागला. लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधकांनी ८ ते ११ वर्षे वयाची १८१ मुले घेतली आणि त्यांचे गट केले. काहींना लिनेकरची वेफर्सची जाहिरात दाखवली, काहींना दुसऱ्याच वस्तूंच्या जाहिराती दाखवल्या, तर काहींना लिनेकरच्या फुटबॉलच्या कार्यक्रमाचा भाग दाखवला. या शेवटच्या भागात वेफर्सचा उल्लेखही नव्हता. मग प्रत्येक मुलासमोर वेफर्सचे दोन वाडगे ठेवले. एकावर त्या कंपनीचे नाव होते, दुसऱ्यावर साध्या दुकानी मालाची चिठ्ठी होती. प्रत्यक्षात दोन्ही वाडग्यांत वेफर्स एकच होते!

निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. लिनेकरची जाहिरात पाहिलेल्या मुलांनी कंपनीचे नाव असलेल्या वाडग्यातील वेफर्स इतरांपेक्षा जास्त खाल्ले. ते अपेक्षितच होते. पण ज्यांनी नुसता फुटबॉलचा कार्यक्रम पाहिला, त्यांनीही तसेच केले. चेहरा आणि वेफर्स यांची गाठ मुलांच्या मनात इतकी पक्की बसली होती की, जाहिरात दाखवण्याचीही गरज उरली नाही. चेहरा पुरला. वाडग्यातील पदार्थ बदलला नव्हता. बदलले होते ते खाणाऱ्याचे मन.

यात त्या मुलांना हसण्यासारखे काही नाही. ज्याच्यावर आपले प्रेम असते, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची माणसाची प्रवृत्तीच आहे. आईवडिलांच्या आणि शिक्षकांच्या बाबतीत ती उपयोगीही पडते. अडचण एवढीच की, एका क्षेत्रातील अधिकार आपण नकळत दुसऱ्या क्षेत्रात नेतो. उसळता चेंडू कसा खेळावा हे फलंदाजाने सांगितले तर कान देऊन ऐकावे. पण प्रथिने आणि साखर यांविषयी तो तुमच्याआमच्याइतकाच अनभिज्ञ असू शकतो. लंडनच्या रॉयल सोसायटीची स्थापना १६६० साली झाली. तिच्या बोधवाक्याचा आशय असा की, कोणाच्याही शब्दावर विसंबू नका, पुरावा पाहा. मोठ्या शास्त्रज्ञाच्या शब्दालाही जिथे ही कसोटी लागते, तिथे नटाला आणि खेळाडूला सूट का द्यावी?

पुरावा पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, लेबल वाचता आले की पुरे. समजा, डब्यावर १०० ग्रॅम पुडीत ८ ग्रॅम प्रथिने आणि ३० ग्रॅम वाढीव साखर लिहिली आहे. एका पेल्यासाठी २० ग्रॅम पूड घ्यायची, म्हणजे पाचवा हिस्सा. प्रथिने मिळाली १.६ ग्रॅम, साखर ६ ग्रॅम. त्याच पेल्यातील २०० मिलिलिटर दुधात मात्र सुमारे ६ ग्रॅम प्रथिने आहेत. आता सांगा, शक्ती कोठून आली? साखर घातलेल्या कोलाचा हिशेबही असाच करा. १०० मिलिलिटरला सुमारे १० ग्रॅम साखर धरली, तर ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅम, म्हणजे सात-आठ चमचे होते. वरून मिसळलेल्या आणि तत्सम साखरेपासून मिळणारी ऊर्जा रोजच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला आहे. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम साखर. ती मर्यादा एका बाटलीतच ओलांडली जाते.

प्रसिद्ध व्यक्तींनी लोकांना काही सांगूच नये, असे माझे म्हणणे नाही. पोलिओचा डोस बाळाला पाजा, हे अमिताभ बच्चन यांनी देशभर सांगितले, लोकांनी ते ऐकले आणि त्याचा उपयोगच झाला. भारतातील जंगली पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. इथेही चेहराच वापरला होता. पण लस गुणकारी आहे हे आधी शास्त्रज्ञांनी तपासले होते. चेहऱ्याने फक्त निरोप पोचवला. चेहरा निरोप्या असेल तर हरकत नाही. त्यालाच पुरावा समजणे चूक.

याच अमिताभ बच्चन यांनी २०१४ साली अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत एक आठवण सांगितली होती. जयपूरमध्ये एका लहान मुलीने त्यांना विचारले की, आमच्या बाई ज्या पेयाला विष म्हणतात, त्याची जाहिरात तुम्ही का करता? त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे त्यांनी ती जाहिरात करणे थांबवले. 'विष' हा शब्द मी वापरणार नाही. गोड पाणी आणि विष यांत फरक आहे. पण त्या मुलीने प्रश्न विचारला, याचे मोल मोठे आहे. २००१ साली ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकणाऱ्या पुल्लेला गोपीचंद यांनी तर शीतपेयाची जाहिरात मुळात स्वीकारलीच नाही. जे आपण पीत नाही ते मुलांना प्या म्हणून कसे सांगायचे, हा त्यांचा विचार. पैशांची गरज असलेल्या खेळाडूने असा नकार देणे मला पदकाइतकेच मोठे वाटते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल त्यात काम करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही पहिल्या खेपेस १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दाव्याची खातरजमा केली होती, असे तिने दाखवून दिले तर सुटका. जून २०२२ च्या मार्गदर्शक नियमांनुसार वेफर्स, सोड्याची पेये यांसारख्या पदार्थांच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमांत दाखवायच्या नाहीत. ज्या वस्तूंवर आरोग्याचा इशारा छापावा लागतो, त्यांच्या मुलांसाठीच्या जाहिरातींत खेळाडू आणि नट घ्यायचे नाहीत.

नियम चांगले आहेत, पण मला त्यात एक मोठे भगदाड दिसते. क्रिकेटचा सामना हा 'मुलांचा कार्यक्रम' नव्हे. तरी तो पाहायला घरोघरी मुलेच पुढे बसलेली असतात. आणि गोड पेयाच्या बाटलीवर आरोग्याचा इशारा छापलेला नसतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, जास्त साखर, मीठ किंवा चरबी असलेल्या पदार्थांच्या जाहिरातींत खेळाडू आणि नट घेण्यास बंदीच असावी. मग कार्यक्रम कोणताही असो. मोठी माणसे आपले बरेवाईट जाणतात, असे यावर कोणी म्हणेल. पण जाहिरात ही विकण्यासाठी केलेली असते, हे सुमारे आठ वर्षांखालील मुलांना नीट उमगतच नाही, असा निष्कर्ष अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अभ्यासगटाने २००४ साली काढला होता. ज्याला आपल्याशी सौदा चालला आहे हेच कळत नाही, त्याच्याशी सौदा करणे न्याय्य नव्हे.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात हा प्रयोग करून पाहावा. एकाच पातेल्यातील कोकम सरबत दोन सारख्या पेल्यांत ओतावे. एका पेल्याला आवडत्या खेळाडूचे चित्र चिकटवावे, दुसरा कोरा ठेवावा. प्रत्येकाने एकेकट्याने येऊन चव घ्यावी आणि कोणते आवडले ते चिठ्ठीवर लिहावे. निम्म्या मुलांसाठी पेल्यांची डावी-उजवी जागा बदलावी, म्हणजे जागेचा परिणाम वेगळा काढता येईल. शेवटी मोजणी करावी आणि खरे काय ते सांगून टाकावे. निकाल काहीही लागो, त्यावर चर्चा रंगेल हे नक्की.

जाता जाता, पुन्हा त्या डब्याकडे वळतो. आई आता सत्तरीला आली आहे. मध्यंतरी मी तिला विचारले, 'आई, तेव्हा तू मला सरळ नाही का म्हणाली नाहीस?' ती म्हणाली, 'अरे, एवढा मोठा खेळाडू सांगत होता. मला वाटलं, तो काय खोटं सांगणार?'

मी इतकी वर्षे समजत होतो की, आई माझ्या हट्टापुढे नमली. तसे नव्हते. तिचाही त्या चेहऱ्यावर विश्वास बसला होता आणि त्या विश्वासापायी तिने मुलीचे दूध तोडले होते. डब्यावरचे बारीक अक्षर वाचून तिला हिशेब समजावून सांगणारे तेव्हा आमच्या घरात कोणी नव्हते. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरात तुम्ही आहात.