जिवंत मासा घेताना

आमच्या ह्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलास खाण्याचा मासा कसा पारखून घ्यावा, हे मुद्दाम शिकवावे लागत नाही. थळ, वरसोली, आक्षी, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, कोणत्याही गावच्या बाजारात जाऊन पाहावे. सहा-सात वर्षांची पोर आईच्या पदराला धरून उभी असते, आणि कोळणीने पाटीवरचे ओले फडके दूर सारताच ती बांगड्याचा कल्ला उचलून पाहते. कल्ला लाल आहे की काळवंडला आहे, डोळा तेजदार आहे की आत गेला आहे, अंगठ्याने दाबले असता मांस पुन्हा वर येते की खळगा तसाच राहतो, ही सारी परीक्षा ती क्षणार्धात करते. कोळीणही त्याचा राग मानीत नाही. न पाहता घेणाऱ्या गिऱ्हाइकालाच ती मनात हसते.

परंतु हेच चोखंदळ गिऱ्हाईक काचपेटीत ठेवण्यासाठी जिवंत मासा घ्यावयास गेले, म्हणजे त्याची सारी पारख कोठे लोपते, हे आम्हांस आजवर उमगलेले नाही. रंग पाहिला, भाव विचारला, पिशवी हातात घेतली, की खरेदी संपली! ह्या विषयाकडे विद्यार्थ्यांचे व त्यांच्या पालकांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

हल्ली पुष्कळ घरांतून काचपेटी दिसते. तीत बहुधा गोड्या पाण्यातील गोल्डफिश, गप्पी असे मासे असतात, आणि ते बहुतेक टाक्यांत व तळ्यांत पैदास केलेले असतात. परंतु अलीकडे मुलांचा ओढा खाऱ्या पाण्यातील रंगीत माशांकडे वळला आहे. 2003 साली निघालेला ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट पाहिल्यापासून केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा लहान मुलांस नावानिशी ठाऊक झाला. परीक्षेत चांगले गुण मिळाले की ‘निमो’ आणून देऊ, असे वचन देणारे पालक आमच्या ओळखीचे आहेत. मग एखाद्या रविवारी मुंबईची फेरी होते आणि खाऱ्या पाण्याचा जीव पिशवीत बसून, मांडव्याच्या बोटीतून, त्याच खाऱ्या पाण्यावरून आमच्या गावी येतो.

ह्या परीक्षेत आम्ही स्वतः एकदा पुरते नापास झालो आहोत, हे येथे कबूल केले पाहिजे. शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत ठेवावयास म्हणून आम्ही एका दुकानातून दोन विदूषक मासे घेतले. निघता निघता कोपऱ्यातील पेटीत एक पिवळा-पांढरा फुलपाखरू मासा दृष्टीस पडला. तो दगडाच्या आडोशाला निश्चल उभा होता आणि त्याचे पोट आत गेले होते. दुकानदार म्हणाला, “नवा आहे, साहेब, दोन दिवसांत खाऊ लागेल.” भाव निम्मा होता. आम्हांस कीव आली आणि स्वस्ताईचा मोहही पडला. दोहोंपैकी कोणत्या भावनेने आम्ही खिशात हात घातला, ते आज निश्चित सांगता येणार नाही. चौथ्या दिवशी तो मासा मेला. नवव्या दिवशी विदूषक माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले, आणि पंधरवडा उलटण्यापूर्वी पेटी रिकामी झाली. त्या दिवशी सातवीतील एका कोळ्याच्या मुलाने आम्हांस विचारले, “सर, बाजारात बांगडा घेताना आपण कल्ला उचलून बघतो, मग हे मासे घेताना का नाही बघितलं?” ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पुढे आम्ही अभ्यास केला, तेव्हा आमचे अज्ञान किती खोल होते ते कळले. फुलपाखरू माशांच्या कित्येक जातींचे मुख्य अन्न जिवंत प्रवाळ हे असते. अशा माशापुढे कोळंबीचा चुरा टाकणे म्हणजे गाईपुढे मटण ठेवण्यासारखे होय. तो ‘दोन दिवसांत’ खाऊ लागणार नव्हता. तो उपाशीच मरणार होता. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका सूक्ष्म परोपजीवीपासून होतो. तो जीव माशाच्या अंगावरून सुटून तळाशी कोष करतो, आणि त्या कोषातून शेकडो नवे जीव बाहेर पडून दुसऱ्या माशांवर चढतात. एक आजारी मासा घरात आणणे म्हणजे साऱ्या पेटीस साथ लावणे होय. 2020 सालच्या महामारीत परगावाहून आलेल्या माणसास चौदा दिवस वेगळे का ठेवीत, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस नवा मासा चार आठवडे वेगळ्या पेटीत का ठेवावयाचा, हे अधिक सांगावयास नको.

येथे कोणी म्हणेल की, एका माशाचे एवढे काय? समुद्रातून रोज पाट्यांच्या पाट्या मासळी निघते. आमचे उत्तर असे की, खाण्यासाठी मारलेला मासा आणि हौसेसाठी आणून हयगयीने मारलेला मासा ह्यांत भेद आहे. पहिल्याने कोणाचे तरी पोट भरते. दुसऱ्याने कोणाचेच भले होत नाही. शिवाय हे जीव अल्पायुषी नव्हेत. विदूषक मासा नीट जोपासला तर पेटीत दहा वर्षांहून अधिक जगतो. जो सोबती मुलाचे शिक्षण संपेपर्यंत जगावयाचा, तो पंधरवड्यात कचऱ्यात जावा, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

हे मासे येतात कोठून, हाही प्रश्न आहे. गोड्या पाण्यातील माशांप्रमाणे ह्यांची सर्रास पैदास होत नाही. बहुतेक जाती अद्यापि समुद्रातूनच पकडून आणतात, आणि जगाच्या बाजारातील फार मोठा भाग इंडोनेशिया व फिलिपाइन्स येथील प्रवाळांतून येतो. फिलिपाइन्समध्ये 1960 नंतरच्या काळात सायनाइड पाण्यात फवारून मासे गुंगवून पकडण्याची घातक रीत सुरू झाली. तिने प्रवाळ मरतात. वाचलेला मासा वरकरणी धडधाकट दिसतो. परंतु विषाने आतून पोखरला असल्यास पुढे काही दिवसांनी वा आठवड्यांनी मरतो. गिऱ्हाइकास वाटते, आपलेच काही चुकले. आणि तो दुसरा आणावयास निघतो. प्रवाळ म्हणजे कोठल्या तरी परमुलखाची वस्तू, असेही कोणी समजू नये. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर, भर समुद्रात पाण्याखाली प्रवाळांचे एक विस्तीर्ण पठार आहे. ज्या सरखेल कान्होजी आंग्र्यांची समाधी अलिबागेत आहे, त्यांच्याच नावाने ते ‘आंग्रिया बँक’ म्हणून ओळखले जाते.

मग घ्यावयाचा तरी कोणता मासा? सुदैवाने विदूषक माशाची पैदास आता आपल्या देशात होते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिची रीत बसविली आहे, आणि खाडीपलीकडे ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठानानेही असे पैदास केंद्र उभारले. मादी दगडावर अंडी घालते, नर परांनी त्यांस वारा घालीत राखण करतो, आणि सुमारे आठवड्याने काळोख पडल्यावर पिल्ले बाहेर येतात. असे टाकीत जन्मलेले पिल्लू पेटीस व दिलेल्या अन्नास सरावलेले असते. आमचे स्पष्ट मत असे की, आरंभ करणाऱ्याने पैदास केलेलाच मासा मागावा आणि तो मिळेपर्यंत थांबावे.

आणि घ्यावयाचा तो दुकानात स्वतः जाऊन, डोळ्यांनी पाहूनच घ्यावा. घरबसल्या चित्र पाहून मागविलेल्या माशाचा श्वास मोजता येत नाही. दुकानात गेल्यावर प्रथम दहा मिनिटे काही न बोलता पेटीसमोर उभे राहावे. मासा मोकळेपणाने पोहतो की पाण्याच्या पृष्ठाशी तोंड लावून धापा टाकतो? कल्ल्यांची उघडझाप संथ आहे की घाईची? पर पसरलेले आहेत की अंगाशी मिटलेले? डोळे स्वच्छ आहेत की त्यांवर सायीसारखा पापुद्रा आला आहे? पोट भरलेले आहे की पाठीमागे धार दिसते? तो दगडावर अंग घासतो काय? त्याच पेटीत दुसरा मासा मरून पडला आहे काय? असल्यास तेथून काही घेऊ नये, मग आपला मासा कितीही टवटवीत दिसो. ह्यानंतर दुकानदारास तीन गोष्टी विचाराव्या. मासा दुकानात किती दिवस आहे? तो पैदास केलेला आहे की पकडलेला? आणि तो काय खातो, ते आमच्यासमोर घालून दाखवाल काय? नुकत्याच आलेल्या माशास आठवडा-दोन आठवडे तेथेच राहू द्यावे. हवे तर विसार द्यावा. जो समोर खात नाही, तो घेऊ नये.

घरची तयारीही आधीच हवी. माशाच्या मळापासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया हे विष तयार होते. त्याचे निवारण करणारे जंतू पेटीत पुरेसे वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून पेटी आधी आणि मासा महिन्या-दीड महिन्याने, हाच क्रम खरा. समुद्र दाराशी आहे, तेव्हा घागरभर पाणी आणले की झाले, असेही समजू नये. पावसाळ्यात कुंडलिकेचे व धरमतर खाडीचे गोडे, गढूळ पाणी किनाऱ्याच्या समुद्रात मिसळून त्याचा खारेपणा उतरतो. मोजून मीठ मिसळून तयार केलेले पाणीच भरवशाचे होय. कंटाळा आला म्हणून मासा खाडीत सोडणे तर त्याहून वाईट. हिंदी व प्रशांत महासागरांतील सिंहमासा 1985 साली फ्लॉरिडाजवळ आढळला. तो पेट्यांतूनच समुद्रात गेला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. आणि आज अटलांटिकच्या त्या भागात तो तेथील माशांचा काळ होऊन बसला आहे.

कायद्याचेही भान ठेवावे. समुद्रघोडा, प्रवाळ व समुद्रकाकडी ह्यांस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. समुद्रातून काढलेला समुद्रघोडा वा जिवंत प्रवाळ कोणी पुढे केला, तर त्या दुकानाची पायरी उतरावी.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आजारी मासा न घेतल्यास तो तेथेच मरेल. त्यास घरी आणणे हीच दया नव्हे काय? आम्हीही असेच म्हटले होते. परंतु आम्ही दिलेल्या पैशांतून त्या पेटीची रिकामी जागा भरली गेली, ती तसाच दुसरा मासा आणून! आमची दया एका माशास वाचवू शकली नाही, आणि तिने दुसऱ्यास पिशवीत घातले. दुसरा आक्षेप असा की, छोट्या दुकानदारास इतके प्रश्न विचारून सतावू नये. आम्हांस वाटते, प्रामाणिक दुकानदारास असे प्रश्न हवेच असतात. पुढे आम्ही ज्याच्याकडून विदूषक माशांची जोडी घेतली, त्याने आम्हांस तीन आठवडे मासा दिला नाही. “पेटी तयार झाली म्हणजे या,” असे म्हणून परत पाठविले. त्याचे तेवढे दिवसांचे गिऱ्हाईक बुडाले. पण आम्ही आजही त्याच्याकडेच जातो, आणि ती जोडी आमच्या विज्ञानाच्या खोलीत सुखाने नांदत आहे.

दुकान शेवटी गिऱ्हाइकासारखे होते. आमच्या बाजारात शिळी बांगडी खपत नाही, ती कोणा अधिकाऱ्याच्या धाकाने नव्हे, तर पदराला धरून उभ्या असलेल्या पोरीच्या बोटाने. विद्यार्थिमित्रांनो, तेच बोट आता काचेवर ठेवा आणि विचारा, “हा खातो का? दाखवा पाहू.” आणि पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलाने हा प्रश्न विचारून रिकाम्या हाताने परत येण्याचे ठरविले, तर त्या दिवशी त्याला लाडू द्यावा. मासा पुढल्या महिन्यात घेता येईल.