गवई साहेबांचे निकाल आणि आपली जबरानजोत

१४ मे २०२५ रोजी न्या. भूषण गवई देशाचे ५२ वे सरन्यायाधीश झाले, तेव्हा गोंडपिपरीत आमच्या मोबाईलवर दिवसभर अभिनंदनाचेच संदेश होते. पहिले बौद्ध सरन्यायाधीश, तेही आपल्या विदर्भाचे, दादासाहेब गवईंचे चिरंजीव! २३ नोव्हेंबरला ते निवृत्त झाले. अभिमान आहेच. पण फोटो खूप फिरवले, आता त्यांचे निकाल वाचले पाहिजेत.

१९८५ मध्ये वकिली, २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालय, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय. नोटबंदी वैध ठरवणारा बहुमताचा निकाल त्यांनी लिहिला, आणि १५ दिवसांच्या नोटिशीशिवाय घरावर बुलडोझर चालवू नये हेही त्यांच्याच खंडपीठाने बजावले. १ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालात त्यांनी अनुसूचित जातींनाही क्रिमीलेयर लावावा असे मत मांडले. त्यावर आपल्यात अजून भांडणे चालू आहेत. आम्हाला ते मत पटलेले नाही. नोकरी लागली म्हणून जात सुटत नाही, हे तालुक्याच्या गावात भाड्याने खोली शोधणाऱ्या आपल्या शिक्षकाला विचारा.

गोंडपिपरीसाठी मात्र सगळ्यात मोठा निकाल २२ मे २०२५ चा, झुडपी जंगलाचा. चंद्रपूर, गडचिरोलीसह पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतली ही जमीन वन मानली जाईल, असे त्यांच्या खंडपीठाने ठरवले. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने रीतसर वाटलेल्या जमिनींसाठी सुटकेची वाट ठेवली. शाळा, सरकारी इमारती, वसाहती त्यातून वाचतील. पण ज्याच्या हातात वाटपाचा कागदच नाही, त्या जबरानजोत शेतकऱ्याचे काय?

अमेरिकेतले न्या. जॉन मार्शल हार्लन गुलाम बाळगणाऱ्या घराण्यात जन्मले. तरी १८९६ मध्ये काळ्यांसाठी रेल्वेचा वेगळा डबा वैध ठरवणाऱ्या निकालाला विरोध करणारे ते एकटेच होते. न्यायाधीशाचा जन्म पाहून त्याचा निकाल सांगता येत नाही. हे शत्रूच्या घरातल्या न्यायाधीशाला लागू असेल, तर आपल्या घरातल्यालाही लागू.

जमीन वन ठरली की आधार उरतो वनहक्क कायद्याचा. तिथे आदिवासी बांधवांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. आपण बौद्ध 'इतर पारंपरिक वननिवासी', म्हणून आपल्याला त्या तारखेआधीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांच्या आजोबांना शाळेचा उंबरा ओलांडू दिला नाही, त्यांनी १९३० चा कागद कुठून आणावा? नियमांत मात्र दावेदाराखेरीज इतर वयस्करांचा लेखी जबाब, जुने घर, शेताचे बांध हेही पुरावे धरले आहेत, आणि एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. आपल्या गावात ऐंशी ओलांडलेली माणसे बोटावर मोजण्याइतकीच उरली आहेत. त्यांचे जबाब या उन्हाळ्यातच लिहून घेऊन ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायला हवेत.