परक्याच्या केळीत

मूल परदेशी शिकायला गेले की आपण पेढे वाटतो. नोकरीला गेले तर पेढ्यांबरोबर पेपरात फोटोही छापून आणतो. पण एखादी मुलगी म्हणाली, "मी वर्षभर जाते, थोडं काम करीन, थोडं फिरीन आणि परत येईन," तर शेजाऱ्यांना काय सांगायचे, हे आपल्याकडे अजून ठरलेले नाही. ना पदवी, ना पॅकेज, ना लग्न. मग ही जाते कशाला? गेले तीन महिने हा प्रश्न आमच्या घरात सकाळच्या चहाला येऊन बसतो आणि रात्रीची जेवणे झाली तरी उठत नाही.

नियमित वाचकांना ठाऊक आहे की माझे माहेर निपाणीचे आणि सासर बुऱ्हाणपूरचे. एक गाव कर्नाटकाच्या काठावर, दुसरे मध्य प्रदेशच्या. दोन्हीकडे घरात मराठी आणि बाजारात शेजारची भाषा. इथल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत मी तापीकाठची झाले, तरी आईचा फोन आला की पहिला प्रश्न अजून कानडीतच असतो, "ऊटा आतेनु?" जेवलीस का? तीच चौकशी आता मला माझ्या मुलीची करायची आहे, फक्त अंतर जरा वाढले आहे.

मुलगी चोवीस वर्षांची. बी.कॉम. झाली, इंदूरला दोन वर्षे नोकरी केली, आणि ऑस्ट्रेलियाच्या 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसाच्या सोडतीत तिचे नाव निघाले. हा प्रकार आपल्याकडे नवा आहे, म्हणून थोडे सांगते. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात २ एप्रिल २०२२ रोजी व्यापार करार झाला आणि २९ डिसेंबर २०२२ पासून तो लागू झाला. डाळी, कोळसा, कापड यांच्या कलमांबरोबर त्यात तरुणांसाठीही एक सोय ठेवली गेली. १८ ते ३० वयाच्या एक हजार भारतीयांना दरवर्षी हा व्हिसा मिळू शकतो. पहिली नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. नोंदणीचे शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. हजार जागांसाठी पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे चाळीस हजार अर्ज आल्याचे तिथल्या सहायक मंत्र्यांनी सांगितले होते. ब्रिटननेही २०२३ पासून पदवीधर भारतीय तरुणांसाठी अशीच योजना सुरू केली, दरवर्षी तीन हजार जागांची आणि दोन वर्षांची. म्हणजे हे वेड एकट्या आमच्या घरातले नाही.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिसावर बारा महिने राहता येते. बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण, कामापुरते इंग्रजी आणि तिकिटाव्यतिरिक्त सुमारे पाच हजार डॉलर जवळ असल्याचा पुरावा लागतो. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही. आणि दुसरे वर्ष हवे असेल तर ठरवून दिलेल्या दूरच्या भागात ठराविक प्रकारचे काम तीन महिने करावे लागते. शेतीचे काम त्यात येते.

इथेच आमच्या घरात ठिणगी पडली. मुलीने ठरवले आहे की आधी शहरात एखाद्या कॅफेत काम करायचे, आणि पुढे क्वीन्सलंडच्या उत्तरेला टली किंवा इनिसफेल या गावांकडे केळीच्या बागेत. ऑस्ट्रेलियातली नव्वद टक्क्यांहून जास्त केळी क्वीन्सलंडमध्ये होतात आणि त्यांतली बहुतेक याच पट्ट्यात. तिकडेही बागेची भीती तीच. २००६ च्या लॅरी आणि २०११ च्या यासी या चक्रीवादळांनी तिथल्या बागा आडव्या केल्या होत्या. बाग आडवी होणे म्हणजे काय, हे बुऱ्हाणपूर, शहापूर, रावेरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

आमच्या सासूबाई केळीच्या घरातल्या. त्यांनी ऐकले आणि कपाळाला हात लावला. "घरच्या केळीत एक दिवस उभी राहिली नाही, आणि परक्याचे घड वाहायला समुद्रापलीकडे चालली?"

मुलगी म्हणाली, "आजी, घरच्या केळीत मला उभं कोणी राहू दिलं? चीक लागून कपडे खराब होतील, ऊन लागेल, मजूर बघतील, असंच ऐकत आले ना मी?"

सासूबाई यावर काही बोलल्या नाहीत. मीही नाही. कारण प्रश्न उद्धट नव्हता आणि उत्तर सोपे नव्हते. ज्या पिकावर आमचे घर उभे राहिले, त्या पिकाला हात लावणे हे आमच्या मुलांसाठी आम्ही कमीपणाचे ठरवून टाकले होते. परदेशात तेच काम केले तर ते 'अनुभव' होते, हेही मला थोडे विचित्र वाटते, आणि तसे मी मुलीला सांगितलेही. ती म्हणाली, "आई, तिकडे निदान ताशी किती हे आधी कळतं."

आता काळजीचे सांगते. आई म्हणून मला काय दिसते? २००९ मध्ये मेलबर्न आणि परिसरात भारतीय विद्यार्थ्यांवर झालेले हल्ले दिसतात, तेव्हाच्या बातम्या अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. ऑगस्ट २०१६ मधली ती घटना दिसते. क्वीन्सलंडच्याच उसाच्या पट्ट्यात, होम हिल नावाच्या गावी, शेतकामासाठी आलेल्या मिया आयलिफ-चंग या विशीतल्या इंग्लिश मुलीचा वसतिगृहात तिथेच राहणाऱ्या एकाने खून केला. तिला वाचवायला धावलेला टॉम जॅक्सन हा तरुणही नंतर दगावला. मियाच्या आईने, रोझी आयलिफ यांनी, त्यानंतर जे केले ते मला विसरता येत नाही. अशा तरुणांना जिथे पाठवले जाते ती शेते आणि ती राहण्याची ठिकाणे कोणीतरी तपासली पाहिजेत, ही मागणी त्यांनी लावून धरली. लेक गेलेली बाई दुसऱ्यांच्या लेकरांच्या पगाराचे, खोल्यांचे, मालकांचे प्रश्न विचारत राहिली.

ते वाचल्यावर मी माझ्या काळजीचे दोन ढीग केले. एका ढिगात ज्यांना उत्तर आहे असे प्रश्न. दुसऱ्यात ज्यांना उत्तर नाही असे. लोक काय म्हणतील, लग्न लांबेल का, ती तिकडेच रमली तर, तिला आपली आठवण येईल का. गंमत अशी की मी तोंडाने पहिल्या ढिगातले प्रश्न विचारत होते आणि मनात दुसरा ढीग उपसत होते. "तिथे विमा आहे का?" असे मी विचारी, आणि मला म्हणायचे असे, "जाऊ नकोस." मुलांना हे बरोबर कळते. मग ती विम्याचेही उत्तर देईनाशी होतात.

पहिला ढीग नीट कसा लावायचा, हे मला एका विद्यार्थ्याने शिकवले. मुलगा खकनारकडच्या एका पाड्यावरचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. त्याचे आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जातात, कधी महाराष्ट्रात, कधी थेट बेळगाव-बागलकोटकडे. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या शिवारात अशा टोळ्या उतरत असतील. मूल परदेशी गेल्यावर आईबाप काळजी करतात, त्यावर आपण लेख लिहितो. इथे आईबाप परमुलखात गेल्यावर मूल काळजी करते, आणि त्यावर कोणी काही लिहीत नाही.

मी त्याला सहज विचारले, ते निघताना तू काय करतोस? त्याने बोटांवर मोजून सांगितले. मुकादमाचे नाव आणि गाव लिहून घेतो. उचल किती घेतली ते लिहून घेतो. उतरणार कुठल्या गावात, कुठल्या कारखान्याच्या हद्दीत, ते विचारतो. आपल्या पाड्यावरचे अजून कोण बरोबर आहे ते बघतो. आणि परतीचे गाडीभाडे आईच्या लुगड्यात वेगळे बांधायला लावतो. पाच गोष्टी. त्या घरात कोणी दहावीच्या पुढे गेले नव्हते, आणि त्याने परराष्ट्र खात्याला लाजवील अशी यादी केली होती.

मग त्याने मलाच विचारले, "मॅडम, तुमचं माहेर तिकडचं ना? 'आमचा हिशोब द्या' हे कानडीत कसं म्हणतात?"

मी सांगितले, "नम्म लेक्का कोड्री." त्याने ते देवनागरीत वहीच्या मागच्या पानावर लिहिले, दोनदा म्हणून बघितले आणि बाहेर जाऊन वडिलांना फोन लावला. व्हरांड्यातून त्याचा आवाज येत होता. बाप पलीकडून एकेक शब्द घोकत होता.

त्या दिवशी घरी आल्यावर मी मुलीपुढे त्याच पाच गोष्टी ठेवल्या. यावेळी तिने उत्तरे दिली, कारण यावेळी प्रश्नांच्या आड दुसरे काही नव्हते.

मालकाचे नाव आणि त्याचा व्यवसाय क्रमांक ती कामाला लागण्यापूर्वी मला पाठवणार. काम लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याच्या दारात जायचे नाही. सोडतीतही एजंटाला काही करता येत नाही, नोंदणी आपली आपण सरकारी संकेतस्थळावर करायची असते. राहण्याची जागा दुसऱ्यांदा बदलली तरी पत्ता कळवायचा. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात द्यायचा नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. ब्रिस्बेनला भारताचा वाणिज्य दूतावास आहे आणि परराष्ट्र मंत्रालयाचे २०१५ पासूनचे 'मदद' हे तक्रारीचे पोर्टल आहे, या दोन्हींची माहिती तिच्याकडे आणि माझ्याकडे, दोघींकडे.

आणि हिशोब. ऑस्ट्रेलियात व्हिसावर आलेल्या कामगारालाही तिथल्याच माणसाइतके किमान वेतन मिळायला हवे असा कायदा आहे. १ जुलै २०२५ पासून तो राष्ट्रीय दर ताशी २४.९५ डॉलर होता. फळतोडणीत नगावर मजुरी देऊन ताशी दर बुडवण्याची चाल जुनी होती. एप्रिल २०२२ पासून नगावर काम करणाऱ्यालाही किमान दराची हमी आली. पगार झाल्यावर कामाच्या एका दिवसाच्या आत पगाराची पावती मिळालीच पाहिजे. कायदा कागदावर असतो, हे आपल्याला माहीत आहे. तिथेही कामगारांना फसवणारे मालक निघतात. म्हणून पावती मागता आली पाहिजे.

खरी अडचण इथेच आहे. आमच्या मुलींना आम्ही सगळे शिकवले, पण 'माझा हिशोब द्या' हे वाक्य शिकवले नाही. रिक्षावाल्याकडून दोन रुपये मागून घेणेसुद्धा बरे दिसत नाही असे सांगितले. कष्टाची त्यांना सवय लावली नाही म्हणून आपण घाबरतो. पण कष्ट आठवड्याभरात अंगवळणी पडतात. मागण्याची लाज मात्र अंगातून लवकर जात नाही. ज्या मुलाला किंवा मुलीला परक्या भाषेत, परक्या माणसापुढे, आवाज न चढवता आपला हिशोब मागता येतो, त्याची काळजी निम्मी कमी करायला हरकत नाही. उरलेली निम्मी करायला आपण मोकळे आहोत.

परमुलखात मजुरी करून शिकण्याची वाट मराठी माणसाला तशी नवी नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पोहोचले, तेव्हा मिळेल ती मजुरी करून त्यांनी शेतीशास्त्र शिकले, आणि पुढे मेक्सिकोत नामवंत कृषिशास्त्रज्ञ झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या चापिंगो विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. आमचे बुऱ्हाणपूरही येणाऱ्या-जाणाऱ्यांचेच गाव. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये इथे आला आणि इथेच तापाने अंथरुणाला खिळला. त्याच्याबरोबरच्या तरुण माणसांच्या आयांना मुलगा जिवंत आहे की नाही हे कळायला सहा-आठ महिने जहाजाची वाट पाहावी लागत असेल. मला मुलीच्या नावापुढची हिरवी खूण दिसली की पुरते.

पुढच्या महिन्यात ती निघेल. क्वीन्सलंडचे घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास. आपण रात्री दहाला भांडी आवरून निवांत फोन लावावा, तर तिकडे अडीच वाजलेले असणार आणि बागेत पहाटे हजर राहायचे असणार. म्हणून फोनची वेळ ठरली आहे, आपल्या दुपारी तीनला. सासूबाईंनी तेवढ्यासाठी दुपारची झोप पुढे ढकलायचे कबूल केले आहे. तिथला घड किती किलोचा भरतो आणि एका झाडाचे पाणी किती, हे त्यांना विचारायचे आहे. आणि मजुराला काय देतात, तेही.