कोऱ्या कागदापुढे थबकलेली लेखणी

निवृत्तीनंतर सवड मिळते, गाठीशी अनुभवही असतो. तरीही अनेकांची आठवणींची वही पहिल्या पानापुढे सरकत नाही. ‘सुचत नाही’ हे त्याचे ठरलेले उत्तर. मनोविश्लेषक एडमंड बर्गलर यांनी १९४० च्या दशकात या अवस्थेला ‘रायटर्स ब्लॉक’ असे नाव दिले.

बहुधा उणीव विचारांची नसते. लिहिणारा आणि तपासणारा एकाच वेळी लेखणी धरू पाहतात, म्हणून ती अडते. पेढीत नोंद करणारा एक व तपासणारा दुसरा असतो. दोघांनी एकदमच खातेवही ओढली, तर एकही नोंद पुरी व्हायची नाही. लेखनातही आधी नोंद, मग तपासणी, हा क्रम पाळावा.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप यांचे उदाहरण बोलके आहे. १८३४ ते १८६७ पर्यंत त्यांनी टपाल खात्यात नोकरी केली आणि आयुष्यात ४७ कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला ते मेजाशी बसत. वेळेवर उठवण्यासाठी नोकराला वर्षाला पाच पौंड जादा देत. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे लेखन वाचण्यात जाई. त्यामुळे पुढचा धागा सहज हाती येई. नंतर घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहिण्याचा त्यांचा नेम होता. रोज किती पाने झाली, याची ते रोजनिशीत नोंद ठेवत. आळसाचा दिवस तिथे लपत नसे. स्फूर्तीची वाट पाहणे त्यांना मान्य नव्हते.

एवढा वेग सर्वांना साधणार नाही, साधण्याची गरजही नाही. मात्र वेळ ठरलेली असावी, मजकूर थोडा असावा आणि पहिला खर्डा वेडावाकडा चालेल, अशी मनाची तयारी असावी. ‘माझे जीवन’ हा विषय छातीवर दडपण आणतो; ‘आजोबांच्या दुकानातील तराजू’ हा विषय लगेच हात धरून चालवतो. उद्याचे पहिले वाक्य ठाऊक असतानाच आज थांबावे.

घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात साठलेली गावे, माणसे आणि व्यवहार दुसऱ्या कोणत्याही दप्तरात नोंदलेले नसतात. अशुद्ध ओळ नातवंडे पुढे सुधारून घेतील. न लिहिलेली ओळ मात्र त्यांना कधीच सापडणार नाही.