सर्वोत्तम हिमाचा पत्ता

उत्तर गोलार्धात हिवाळा सुरू झाला की स्कीइंगप्रेमी मंडळींत एक वाद हमखास डोके वर काढतो : स्कीइंगसाठी जगातील सर्वोत्तम हिम कोठे पडते? कुणी अमेरिकेतील यूटा राज्याचा कैवार घेतो, कुणी जपानच्या होक्काइडो बेटाचा. जुन्या वळणाचे लोक आल्प्स सोडावयास तयार नसतात, आणि अलीकडे गुलमर्गचे नावही या यादीत अभिमानाने घेतले जाते. दर हिवाळ्यात टाहोच्या उतारांवर जाणारी कॅलिफोर्नियातील मराठी मंडळीही या वादात हिरिरीने उतरतात. वादास आमची हरकत नाही. आमची हरकत आहे ती प्रश्नाच्या मांडणीस. ‘सर्वोत्तम हिम’ ही निसर्गात आढळणारी वस्तू नसून जाहिरातीने घडवलेली वस्तू आहे, आणि तिचा पत्ता शोधत फिरणाऱ्यांना हिमाविषयीच्या खऱ्या प्रश्नांचा विसर पडतो, असे आमचे म्हणणे आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडेसे. मराठीत आपण ‘बर्फ’ या एकाच शब्दावर सारे भागवतो. गोळेवाल्याच्या गाडीवरची लादी म्हणजे बर्फ, शीतकपाटातला चौकोनी तुकडा म्हणजे बर्फ, आणि आकाशातून अलगद उतरणारा षट्कोनी स्फटिकांचा पुंजका म्हणजेही बर्फच. ‘हिम’ हा शब्द आपण काव्यासाठी आणि भूगोलाच्या पुस्तकासाठी राखून ठेवला आहे. ज्यांच्या अंगणात ते पडते त्या काश्मिरी लोकांजवळ त्यासाठी ‘शीन’ हा साधा घरगुती शब्द आहे. स्कीवाल्यांचे तर याहून बारकावे आहेत : ताजे, कोरडे, भुसभुशीत ते पावडर; वसंतात दिवसा वितळून रात्री गोठलेले, मक्याच्या दाण्यांसारखे रवाळ ते कॉर्न; यंत्राने दाबून सपाट केलेले ते आणखी वेगळे. इतक्या भिन्न पदार्थांवर ‘सर्वोत्तम’ हे एकच विशेषण चिकटवायचे म्हणजे ‘जगातील सर्वोत्तम धान्य कोणते’ असे विचारण्यासारखे आहे. भाकरी करायची की खीर, हे आधी सांगावे लागते.

आता एकेका दावेदाराकडे वळू. यूटाच्या मोटारींच्या नंबरपाट्यांवर ‘पृथ्वीवरील सर्वश्रेष्ठ हिम’ अशा अर्थाचे घोषवाक्य अनेक वर्षे झळकत आले आहे. रिंगलिंग ब्रदर्स या विख्यात सर्कशीचे ‘पृथ्वीवरील सर्वश्रेष्ठ खेळ’ अशा अर्थाचे घोषवाक्य त्याहून जुने. इंग्रजीत या दोहोंत एखाद्या अक्षराचाच फरक असल्याने सर्कस न्यायालयात गेली, आणि १९९९ साली अपील न्यायालयाने यूटाच्या बाजूने निकाल दिला. येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. न्यायालयाने यूटाचे हिम सर्वश्रेष्ठ आहे असे ठरवलेले नाही. त्या वाक्याने सर्कशीच्या व्यापारचिन्हाचे नुकसान होत नाही, एवढेच ठरवले. कोलोरॅडोतील स्टीमबोट येथील स्की कंपनीने तर ‘शॅम्पेन पावडर’ हे नावच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतले आहे. आकाशातून फुकट पडणाऱ्या वस्तूच्या नावाला मालक मिळाला, की आपण हवामानाविषयी नव्हे तर बाजाराविषयी बोलत आहोत हे ओळखावे.

विशेष म्हणजे यूटाच्या दाव्याची सर्वांत नेमकी तपासणी यूटातच झाली. यूटा विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ जिम स्टीनबर्ग यांनी सहकाऱ्यासह २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अल्टा येथील ताज्या हिमात पाण्याचा अंश सरासरी ८.४ टक्के भरतो. म्हणजे शंभर सेंटिमीटर हिम वितळवले तर साडेआठ सेंटिमीटरांच्या आत-बाहेर पाणी मिळेल. हे हिम हलके खरे, पण सर्वांत हलके नव्हे. कोलोरॅडोत काही ठिकाणी याहून कोरडे हिम पडते. अल्टाची खुबी निराळी आहे. तेथे हिम विपुल पडते, वारंवार पडते, आणि पुष्कळ वादळांत आधी जड व मग हलके अशा क्रमाने पडते. खालचा जड थर स्कीला आधार देतो आणि वरच्या हलक्या थरात ती तरंगते. म्हणजे ज्याची कीर्ती गायली जाते तो कोरडेपणा हा श्रेष्ठत्वाचा गाभा नव्हेच. गाभा आहे तो थरांच्या क्रमात. घोषवाक्य लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. वाद घालणाऱ्यांना मात्र ठाऊक असायला हवे.

‘जितके थंड आणि कोरडे तितके उत्तम’ ही समजूत आणखी एका कसोटीवर कोसळते. स्की घसरते ती घर्षणाने तिच्या तळाशी निर्माण होणाऱ्या अतिशय पातळ ओलसर थरामुळे, असे बोडन आणि ह्यूज या संशोधकांनी १९३९ साली मांडले. या थराच्या स्वरूपाबद्दल शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत; पण कडाक्याच्या थंडीत हिमावरचे घर्षण वाढते, हे निर्विवाद आहे. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या वाट्याला हेच आले. अंटार्क्टिकाच्या त्या अतिथंड, अतिकोरड्या हिमावरून आपल्या घसरगाड्या त्यांना वाळूतून ओढाव्यात तशा ओढाव्या लागल्या. जगातील सर्वांत कोरडे हिम हवे असणाऱ्यांनी ही हकिकत जरूर आठवावी.

होक्काइडोचा दावा अधिक सबळ आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. सायबेरियाकडून येणारी बोचरी थंड हवा जपानच्या समुद्रावरून वाहताना बाष्प पिते आणि बेटाच्या डोंगरांना धडकून रिती होते. हे यंत्र जानेवारीत इतक्या नियमाने चालते, की जेमतेम १३०८ मीटर उंचीच्या निसेको आन्नुपुरी डोंगराची ख्याती जगभर पसरली. याच बेटावरील विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत हिमस्फटिक वाढवून दाखवला, आणि स्फटिकाचा आकार तापमान व आर्द्रता यांवर कसा अवलंबून असतो याचा आराखडा मांडला. उणे पंधरा अंशांच्या आसपास आर्द्रता पुरेशी असेल तर फांद्याफांद्यांचे पिसासारखे स्फटिक बनतात. तापमान थोडे बदलले की त्याच ढगातून सुया किंवा स्तंभ उतरू लागतात. नाकायांच्या कामातून आम्हांस मिळणारा धडा असा : हिमाचा गुण डोंगराच्या नावात नसतो, त्या घटकेच्या हवेत असतो. हिमाला पत्ता नसतो, वेळ असते. होक्काइडोतही मार्चमधल्या एखाद्या उबदार दुपारी चिखलासारखे हिम मिळते, आणि ‘सिएरा सिमेंट’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवरही एखादी पहाट पिसाहून हलकी उगवते.

शिवाय सर्वोत्तम कोणासाठी? शर्यतीत उतरणाऱ्या स्कीपटूला भुसभुशीत हिम नकोच असते. त्याच्यासाठी उतारात पाणी जिरवून तो काचेसारखा कठीण केला जातो, म्हणजे पहिल्या आणि साठाव्या स्पर्धकाला सारखाच पृष्ठभाग मिळतो. २०१३ साली स्वित्झर्लंडमधील वेंगनच्या शर्यतीत ताशी १६१ किलोमीटरांहून अधिक वेग नोंदवला गेला, तो अशाच टणक पृष्ठभागावर. २०२२ चे बीजिंग हिवाळी ऑलिंपिक तर जवळजवळ संपूर्णपणे यंत्रनिर्मित हिमावर पार पडले. जगातील सर्वोत्तम स्कीपटू ज्यावर धावले ते हिम आकाशातून पडलेलेच नव्हते! आणि ज्या कोरड्या थंडीची पावडरप्रेमी आरती करतात, तीच थंडी हिमाचा थर पातळ असेल तर त्याच्या तळाशी साखरेसारखे सुटे, कच्चे दाणे तयार करते. वरचा भार वाढला की हा पाया सरकतो. शॅम्पेनच्या कोलोरॅडोत हिमस्खलनाने होणारे मृत्यू अमेरिकेत सर्वाधिक असतात, ते उगाच नव्हे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की हा निरुपद्रवी छंद आहे, त्यात एवढी चिरफाड कशाला? दुसरा असा, की मग काहीच सर्वोत्तम नाही असे म्हणून तुम्ही हात वर करीत आहात. दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. निकष सांगा, आम्ही निवाडा देऊ. जानेवारीतील ताज्या हिमाचे सातत्य हवे तर होक्काइडो. थरांची जडणघडण हवी तर अल्टा. शर्यतीची शिस्त आणि हिमाच्या अभ्यासाची परंपरा हवी तर आल्प्स. तुलनेस आम्ही भीत नाही, निकष लपवणाऱ्या तुलनेस भितो.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर मात्र गुलमर्गला जाऊन शोधावे लागते. तेथे ब्रिटिशांनी १९२७ साली स्की क्लब काढला. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ साली आणि दुसरा २००५ साली सुरू झाला, आणि अफर्वतचे उतार जगाच्या यादीत आले. तेव्हापासून ‘भारताचे स्वित्झर्लंड’ ही जुनी उपाधी नव्याने मिरवली जाते. हिमात बसून गाणे, नृत्य आणि मद्यपान करीत नव्या हिमपाताचा उत्सव करावा, असे ज्यांच्या नीलमत पुराणात सांगितले आहे, त्या काश्मीरला आपल्या हिमासाठी उसन्या नावाची गरज पडावी, हे आम्हांस खटकते. उसन्या नावाबरोबर उसनी मोजपट्टी येते. त्या मोजपट्टीवर पर्यटकाला किती फूट पावडर मिळाली हे मोजले जाते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ वेळेवर आले का, हे मोजले जात नाही.

२०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार ऐन चिल्ले कलानमध्ये, म्हणजे थंडीच्या त्या कठोर चाळीस दिवसांत, जवळजवळ उघडे पडले होते. २०२५ साली हिम पुरेसे नसल्याने तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. बातम्यांत चिंता दिसली ती मुख्यतः रद्द झालेल्या सहलींची. पण जानेवारीचे हिम गोठून टिकते आणि वसंतात सावकाश झरते. मार्चचे हिम पडते आणि वाहून जाते. त्या सावकाश झरण्यावर झेलमचे पाणी, भाताची खाचरे आणि सफरचंदांच्या बागा उभ्या आहेत. बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू ठरलेला आरिफ खान याच परिसरातला. काश्मीरच्या दृष्टीने सर्वोत्तम हिम म्हणजे वेळेवर पडलेले हिम, मग ते स्कीखाली जड लागो वा हलके. हा निकष जगाच्या कोणत्याही यादीत नाही. म्हणून ही यादी निरुपद्रवी नाही.

बोलिव्हियात चाकाल्ताया नावाची हिमनदी होती. पाच हजार मीटरांहून उंच असलेले तेथील स्की-केंद्र ‘जगातील सर्वांत उंच’ म्हणून मिरवत असे. २००९ साली ती हिमनदी नाहीशी झाली. विशेषण शाबूत राहिले, विशेष्य वितळले. सर्वोत्तम हिम कोठे आहे असे यापुढे कोणी विचारले, तर आम्ही उलट विचारू : कोणासाठी, कोणत्या महिन्यात, आणि आणखी किती वर्षे?